बाजूक सरा

कावेरी हिंदळेकर पडली ती धावताना नव्हे. रस्त्यावर, सड्याच्या उघड्या कातळमाळावरच्या खडीत, मुंबईच्या मॅरेथॉनच्या गर्दीत ती कधी पडली नव्हती. ती पडली स्वतःच्या विहिरीच्या पायरीवर, श्रावणातल्या एका सकाळी, हातात भरलेली कळशी असताना. चिऱ्याच्या पायरीला शेवाळ धरलं होतं. उजवा गुडघा कडेवर आपटला आणि वाटीचे दोन तुकडे झाले. साल पंच्याऐंशी. तिला तेव्हा नुकतं पन्नास पूर्ण झालं होतं.

देवगडच्या शेजारच्या जामसंड्यात तिला सगळे हिंदळेकरबाई म्हणत. तिथल्या शाळेत मुलींना ती शिवण आणि पीटी शिकवायची. पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ती स्वतः कधी धावली नव्हती. मग एकदा तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुलींची तयारी करून घेताना शिट्टी तोंडात धरून ती त्यांच्या बाजूने धावू लागली, आणि मुली दमून बसल्या तरी बाई धावतच राहिल्या. तिथून सुरुवात झाली. सलवार-कमीज, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पहाटे दूध घालायला जाणारे लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. चौऱ्याऐंशी साली ती मुंबईला जाऊन बेचाळीस किलोमीटर धावून आली. परत आल्यावर शाळेत तिला नारळ मिळाला आणि हेडमास्तरांनी भाषणात तिचं वय दोन वेळा सांगितलं.

गुडघ्याचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं. वाटीचे तुकडे तारेने बांधले. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "चालाल, जिना चढाल. मांडी घालून बसायचं विसरा. आणि धावणं आता पुरे. वयही झालंच आहे."

"हे गुडघ्याचं सांगताय की वयाचं?" कावेरीने विचारलं.

डॉक्टर हसला. ती हसली नाही.

तिचा नवरा सत्यवान तीस वर्षं आगबोटीच्या इंजिनावर नोकरी करून वर्षभरापूर्वीच घरी परतला होता. त्याआधीच्या एवढ्या संसारात ती दोघं सलग कधी चार महिने एकत्र राहिली नव्हती. मुलगी लग्न होऊन मुंबईला गेलेली. आता बायको खाटेवर आणि घरात हा एकटा. त्याने सगळं केलं. पेज शिजवली, कपडे धुतले, तिला उचलून न्हाणीत नेलं. वेणी घालायला त्याला येत नव्हतं, तर दोरखंडाला पीळ घालावा तसा तो तिच्या केसांना पीळ घालायचा आणि टोकाला गाठ मारायचा. ती आरशात बघून म्हणायची, "आता माका नांगराक बांधा." तो कंगवा धुऊन ठेवायचा.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत वाळल्यासारखा झाला होता. गुडघा वाकतच नव्हता. पडवीच्या कडेला बसून, घोट्याला वाळूची पिशवी बांधून ती पाय वर-खाली करायची. दिवसातून शंभर वेळा. दुखायचं तेव्हा ओठ आवळायची. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तार काढून घेतली. मग ती शाळेत जाऊ लागली, पण लंगडत. मुली तिच्यासाठी खुर्ची पुढे करायच्या. खुर्ची पुढे आली की तिला वाटायचं, ही उचलून फेकावी.

तिला पुन्हा चालायला शिकवलं ते काशीबाईने. काशीबाई साठीच्या घरातली. देवगड बंदरावर मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन जामसंड्यावरून पार तळेबाजारापर्यंत विकत जायची. एका सकाळी घाटीच्या चढावर तिने कावेरीला गाठलं आणि बाजूने चालता चालता विचारलं,

"बाय, पाय कित्याक ओढतंस?"

"मोडललो, काशीबाय."

"मोडललो. आता जुळलो मा? मगे तेका सांग तसा."

त्या दिवसापासून शाळा सुरू व्हायच्या आधी कावेरी तिच्याबरोबर चालू लागली. आधी जामसंड्याच्या शिवेपर्यंत, मग पुढच्या वाडीपर्यंत, मग त्याच्याही पुढे. काशीबाईची चाल बघण्यासारखी होती. डोक्यावर वीस किलो ओझं, मान ताठ, आणि गुडघे कायम किंचित वाकलेले. उतारावर ती सरळ कधीच जायची नाही, खेकड्यासारखी तिरकी उतरायची.

"उतारार नाकासमोर जाव नको," ती सांगायची. "कुर्लेसारकी वाकडी जा. पावलां बारीक टाक. उतार माणसाचो गुडघो खाता, चढ नाय."

डॉक्टरने जे सांगितलं नव्हतं ते या बाईला पायांनी माहीत होतं. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक दिवस काशीबाई पुढे निघून गेल्यावर कावेरी सड्यावर एकटीच थांबली. आजूबाजूला कोणी नव्हतं. समोर विजेचे खांब ओळीने गेले होते. तिने पदर खोचला आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावली. गुडघ्यात कळ आली, पण ती मोडल्याची कळ नव्हती. ती कळ तिला पाठ होती. ही वेगळी होती. मग ती दोन खांब चालली आणि एक खांब धावली. शाळेत पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. हेडमास्तरांनी कारण विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं.

पाऊस संपून दिवाळी आली तोवर खांब मोजायची गरज उरली नव्हती. रविवारी ती वीस-पंचवीस किलोमीटर धावून यायची. सत्यवानला तिने सांगितलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. पडवीत बूट असायचे, तांबड्या धुळीने माखलेले. तो ते बघायचा.

डिसेंबरात देवगडच्या एका क्रीडा मंडळाचा कागद शाळेच्या फळ्यावर लागला. सव्वीस जानेवारीला मॅरेथॉन. देवगड बंदरापासून शिरगावच्या अलीकडे ठरवलेल्या वळणापर्यंत आणि परत, बेचाळीस किलोमीटर. तालुक्यात असं काही पहिल्यांदाच होत होतं. कावेरीने तो कागद तीनदा वाचला. खाली बारीक अक्षरात होतं: पुरुषांसाठी बेचाळीस, स्त्रियांसाठी पाच किलोमीटर. वयोमर्यादा पंचेचाळीस.

ती मंडळाच्या खोलीत गेली. चिटणीस जयराम मिराशी हे कचेरीत कारकून होते. नीटनेटका माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

"बाई, नियम आहे," ते म्हणाले.

"नियम कोणी केला?"

"समितीने."

"समितीत कोण धावतं?"

मिराशी खोकले. "तसं प्रत्यक्ष कोणी नाही."

"मिराशी, चौऱ्याऐंशीच्या ऑलिंपिकमध्ये बायका बेचाळीस धावल्या. मी स्वतः मुंबईला धावले. प्रमाणपत्र आणलंय, बघा. तुमच्या त्या अर्जात माझं नाव लिहायला काय अडचण आहे?"

मिराशींनी प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अडचण स्पष्ट दिसत होती.

"बाई, खरं सांगू का? मी तुमचा विषय समितीपुढे मांडणार होतो. पण तुमच्या घरूनच नको म्हणून सांगितलंय. सत्यवानराव स्वतः आले होते, गेल्या आठवड्यात. म्हणाले, ती येईल, तिला घेऊ नका, तिच्या पायात जोर नाही. आता नवऱ्याने असं सांगितल्यावर..."

कावेरी उठली. देवगडहून जामसंड्यापर्यंत ती चालत आली, चढ चढून, आणि तिला चढ लागला नाही.

सत्यवान मागच्या दारी नारळ सोलत होता.

"तुमी मिराशींकडे गेल्यात?"

त्याने कोयता खाली ठेवला. "गेलंय."

"माका इचारल्याशिवाय?"

"इचारून काय व्हतला होता? तू काय सांगतलंस ता माका म्हायत होता."

"मगे?"

"मगे काय? आठ म्हयने तुका उचलून न्हाणयेत नेलंय मी. तू ओठ दाबून गप रवायचंस आणि डोळ्यांतसून पाणी येयाचा. तू ता इसारलंस, मी इसराक नाय. आगबोटीर येकदा बॉयलर फुटलो, दोन माणसां गेली, तरी माका भय वाटूक नाय. पण ती कळशी पायऱ्यांवरसून गडगडली ना, तो आवाज अजून येता माका. जेवताना येता."

एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. कावेरी खांबाला टेकून उभी राहिली. तिला त्याची दया आली आणि त्याच क्षणी रागही आला, आणि दोन्ही इतके एकमेकांत मिसळलेले होते की वेगळे करता येईनात.

"तुमका भय वाटता, ता खरा," ती म्हणाली. "माकाय वाटता. पण भय तुमचा आणि गुडघो माझो."

"परत पडलंस तर मी उचलूचंय नाय."

"नका उचलू. मी खुरडत येयन घराक."

त्यानंतर सव्वीस जानेवारीपर्यंत घरात जेवणखाण, पाणी, झाडलोट सगळं झालं. बोलणं झालं नाही.

त्या दिवशी सकाळी सहाला ती देवगड बंदरावर पोचली. थंडी होती. होड्या धक्क्याला लागलेल्या होत्या आणि मांडवात कर्णा खरखरत होता. बत्तीस पुरुष छातीवर नंबर लावून उभे होते. बहुतेक पंचविशीच्या आतले. कावेरी सगळ्यांच्या मागे, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिच्या छातीवर काही नव्हतं. मिराशींनी तिला पाहिलं आणि घाईघाईने आले.

"बाई, तुम्ही इथे कशाला? तुम्हाला धावता येणार नाही. मी सांगितलं होतं."

"मी तुमच्या शर्यतीत नाही," कावेरी म्हणाली. "मी रस्त्यावर आहे. हा रस्ता सरकारी आहे आणि मी रोज त्याच्यावर धावते. आज तुमची शर्यत त्याच्यावर आली आहे. अडचण होत असेल तर ती तुम्ही बाजूला घ्या."

आजूबाजूचे चार-दोन जण हसले. मिराशी लाल झाले. तेवढ्यात पाहुण्यांनी झेंडा हलवला आणि बत्तीस माणसं सुटली. कावेरी त्यांच्यामागून निघाली.

पहिल्या दोन किलोमीटरांतच ती एकटी पडली. ते तिला हवंच होतं. जामसंड्यात स्वतःच्या घरावरून जाताना तिने मान वळवली नाही, तरी दार बंद आहे हे तिला दिसलं. मग सडा लागला. दोन्ही बाजूंना कलमं मोहोराने भरली होती आणि बागांमधून फवारणीच्या पंपांचे आवाज येत होते. एका बागेतला माणूस पंप थांबवून ओरडला, "बाई, सगळे फुडे गेले गो!"

"जावंदेत!" ती ओरडली.

तळेबाजाराच्या थोडं अलीकडे तिला काशीबाई भेटली. पाटी डोक्यावर, नेहमीची चाल. कावेरी तिच्या बाजूने जाऊ लागली तशी काशीबाईने तिच्या छातीकडे पाहिलं.

"तुझो लंबर खंय?"

"देवक नाय माका."

"माका तरी खंय दिल्यांनी?" काशीबाई म्हणाली. "चाळीस वर्सां ह्या रस्त्यार चलतंय. चल, तोंड बंद कर, दम जाता."

वळणावर एक पिंप ठेवलं होतं आणि एक शिक्षक नंबर लिहून घेत होते. त्यांनी कावेरीकडे पाहिलं, पेन उचललं, नंबर शोधला आणि पेन तसंच राहिलं. कावेरीने पिंपाला हात लावला, पेलाभर पाणी प्यायली आणि परत फिरली. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

परतीला ऊन लागलं. पंचवीस किलोमीटरनंतर गुडघा गरम झाला, सत्तावीसला सुजायला लागला. वाटीच्या खाली कोणी बोट घालून ढकलतंय असं वाटायचं. तिने कमरेची ओढणी सोडून गुडघ्याभोवती घट्ट बांधली. उतारावर ती वाकडी झाली, बारीक पावलं टाकत, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मागून मंडळाचा टेम्पो आला. त्यात सात-आठ तरुण पोरं बसली होती, कोणाच्या पायात गोळे, कोणाला उलट्या. ड्रायव्हरने वेग कमी केला.

"बाई, बसतंस? जागा आसा."

"तेंका निजाक जागा व्हयी," कावेरी म्हणाली. "तू जा."

टेम्पो गेला. ती रडली नाही असं नाही. तेहतिसाव्या किलोमीटरला, सड्यावर, सावलीचं एकही झाड नसलेल्या जागी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती मोठ्याने शिव्या देऊ लागली. गुडघ्याला दिल्या, समितीला दिल्या, त्या भल्या डॉक्टरला दिल्या, नवऱ्याला दिल्या. शिव्या संपल्या तेव्हा अर्धा किलोमीटर झाला होता.

जामसंड्यात शिरली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. रस्त्याच्या मधोमध, त्यांच्या घरासमोर, सत्यवान उभा होता. डोक्यावर टोपी नव्हती, पायात चपला नव्हत्या. बराच वेळ तसा उभा असावा. त्याने तिचा पाय पाहिला. ओढणीच्या खाली पोटरीपर्यंत सूज उतरली होती.

"पुरे झाला," तो म्हणाला. "घर हय आसा. ये आता."

ती थांबली नाही, पण तिचा वेग इतका कमी होता की तो दोन पावलं मागे सरकत तिच्यासमोर राहू शकत होता. त्याने हात पुढे केले, कोणाला उचलायला करतात तसे.

"कावेरी," तो म्हणाला. तो तिचं नाव क्वचितच घ्यायचा.

"बाजूक सरा."

तो तिच्याकडे बघत राहिला. शेजारची दोन-तीन माणसं दारात आली होती. कावेरीने आवाज चढवला नाही.

"बाजूक सरा," तिने पुन्हा म्हटलं.

तो सरला. तिचा खांदा त्याच्या हाताला घासून गेला. चार किलोमीटर उरले होते.

बंदरावर ती पोचली तेव्हा मांडवाचं कापड उतरवून झालं होतं. भाषणं झाली होती, बक्षिसं वाटून झाली होती, पाहुणे गाडीने निघून गेले होते. मिराशी एकटेच टेबलापाशी कागद गोळा करत होते. रस्त्यावर पांढऱ्या फक्कीची रेघ अर्धवट पुसलेली होती. कावेरी त्या रेघेवरून पलीकडे गेली, टेबलापर्यंत गेली आणि दोन्ही हात टेबलावर टेकून उभी राहिली.

"किती वाजले?"

मिराशींनी घड्याळ पाहिलं. "बारा सतरा."

"मी साडेसहाला सुटले. लिहा."

"बाई..."

"तुमच्या निकालात लिहू नका. वेगळ्या कागदावर लिहा. कावेरी सत्यवान हिंदळेकर. वय बावन्न. बेचाळीस किलोमीटर. पाच तास सत्तेचाळीस मिनिटं. खाली सही करा. पाहिलं म्हणून."

मिराशींनी खिशातलं पेन काढलं, कोरा कागद घेतला आणि सावकाश, कचेरीतल्या वळणदार अक्षरात सगळं लिहिलं. सही केली. तारीख टाकली. कागद तिला देताना म्हणाले, "किती जण पोचले सांगू? एकोणीस."

"मग मी विसावी," कावेरी म्हणाली.

"पुढच्या वर्षी मी समितीत बोलेन, बाई."

"बोला. त्यांनी ऐकलं तर बरं. नाही ऐकलं तरी मी रस्त्यावर असणारच."

मग ती धक्क्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, कारण उभं राहणं शक्य नव्हतं. पाय पुढे लांब केला. साधारण अर्ध्या तासाने सत्यवान आला. तो जामसंड्यापासून तिच्या मागून चालत आला होता, अनवाणी, डांबरावरून. तो तिच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसला आणि आपले तळवे बघू लागला.

"फोड इले," तो म्हणाला.

"चपला घालूच्या होत्यात."

"याद रवाक नाय."

त्याने तळव्याला चिकटलेली खडी झटकली.

"रागान आसस?" त्याने विचारलं.

"आसंय."

"किती दिस?"

"माका काय म्हायत? संपात तेवा संपात." मग ती त्याच्याकडे वळली. "भय वाटला तर माका सांगा. रोज सांगा. मी आयकान. पण माझ्या पाठसून माझ्या बदलां कोणाक काय सांगूचा नाय. परत केल्यात तर मी घरातसून भायर पडतलंय, आणि तेवा लंगडत नाय जावचंय."

सत्यवानने मान हलवली. "सांगूचंय नाय," तो म्हणाला.

"भूक लागली," कावेरी म्हणाली.

बंदराजवळच जानकीची खानावळ होती. तिथपर्यंत शंभर पावलं असतील. सत्यवान उठला आणि त्याने हात पुढे केला. कावेरीने तो धरला, स्वतःला वर ओढलं आणि उभी राहिल्यावर सोडून दिला. दोघं रस्ता ओलांडून गेली. एकाला फोडांमुळे नीट पाऊल टाकता येत नव्हतं, दुसरीला गुडघ्यामुळे.

जानकीने एक स्टूल आणून दिलं. कावेरीने त्यावर पाय ठेवला आणि बांगड्याची कढी, भात, वर आणखी भात असं जेवली. आजूबाजूची मच्छीमार माणसं जेवता जेवता थांबून तिच्याकडे बघत होती. तिने दुसरं ताट मागवलं तेव्हा सत्यवान हळूच म्हणाला,

"गुडघो बघ केदो सुजलो हा. आठ दिस उतरूचो नाय."

"पंधरा दिस घेवंदे," कावेरी भात कालवत म्हणाली. "मासो वाढूक सांगा."